टांका आणि दुसरें बाळंतपण

आपल्या घरांतून एक वाक्य वारंवार कानीं पडतें. लेक किंवा सून दुसऱ्यांदा गरोदर राहिली, आणि तिचें पहिलें बाळंतपण पोटावर शस्त्रक्रिया करून झालेलें असलें, म्हणजे वडीलधारीं माणसें म्हणतात, "पहिलें सिझेरियन झालें आहे, तेव्हां दुसरेंहि सिझेरियनच." कोणी तें उसासा टाकून म्हणतें, तर कोणी 'चला, कळा तरी वांचल्या' अशा समाधानानें म्हणतें. परंतु हें वचन प्रथम कोणीं उच्चारलें, कोणत्या सालीं उच्चारलें, आणि त्या सालची शस्त्रक्रिया आजच्यासारखीच होती काय, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. ती चौकशी आज करावयाची आहे. मी वैद्य नव्हे. माझा सारा जन्म शाळेंत गेला, आणि एखादें वचन समोर आलें कीं त्याचा सन विचारावा, ही संवय त्या धंद्यानें लावली. कोणत्या स्त्रीनें काय करावें हें तिच्या डॉक्टरांनीं तिला तपासूनच ठरवावयाचें. पण डॉक्टरांना कोणता प्रश्न विचारावा, हें मात्र इतिहास आपल्याला शिकवूं शकतो.

प्रथम अगदीं जुन्या काळाकडे वळूं. पोट चिरून मूल बाहेर काढण्याची कल्पना आपल्या देशांत प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत मूढगर्भाचा विचार करतांना असें सांगितलें आहे कीं, प्रसूतीच्या वेळीं स्त्री अकस्मात् मरण पावली आणि तिच्या कुशींत स्फुरण दिसत असलें, तर वैद्यानें तत्काळ पोट चिरून मूल बाहेर काढावें. चंद्रगुप्त मौर्याच्या राणीच्या पोटांत विष गेलें, ती मरण पावली, आणि चाणक्यानें तिचें उदर विदारून बिंदुसाराला वांचविलें, अशी कथा बाराव्या शतकांतील जैन पंडित हेमचंद्र यानें आपल्या परिशिष्टपर्वांत दिली आहे. ती कथा म्हणूनच घ्यावयाची. तरी अशी गोष्ट लोकांच्या कल्पनेंत होती, एवढें तिच्यावरून दिसतें. रोमन लोकांतहि गर्भवती मेल्यास मूल बाहेर काढल्यावांचून तिला पुरूं नये असा जुना निर्बंध होता. 'सिझेरियन' हा शब्द ज्यूलियस सीझरच्या जन्मावरून आला, ही समजूत मात्र टिकत नाहीं. सीझर गॉल देशांत मोहिमा चालवीत होता त्या काळापर्यंत त्याची आई ऑरेलिया हयात होती. 'कापणें' या अर्थाच्या लॅटिन धातूशीं या शब्दाचें नातें जोडणें अधिक सयुक्तिक आहे.

या सर्व दाखल्यांत एक गोष्ट समान आहे. शस्त्र चाले तें मेलेल्या मातेवर. मूल वांचलें तर वांचलें. आई आधींच गेलेली असे. म्हणून पुढच्या बाळंतपणाचा प्रश्न त्या काळीं उद्भवतच नव्हता.

तो प्रश्न युरोपांत सोळाव्या शतकांत प्रथम दिसूं लागतो. स्वित्झर्लंडमध्यें याकोब नूफर नांवाचा, डुकरांची खच्ची करण्याचा धंदा करणारा एक मनुष्य होता. त्यानें १५०० सालच्या सुमारास आपल्या अडलेल्या बायकोचें पोट स्वतः चिरून मूल काढलें, ती जगली, आणि पुढें तिला नैसर्गिक रीतीनें आणखी मुलें झालीं, अशी हकीकत सांगतात. ती लिहिली गेली पाऊणशें-ऐंशीं वर्षांनंतर, त्यामुळें इतिहासकार तिच्यावर फारसा भरंवसा ठेवीत नाहींत. कित्येकांच्या मतें हकीकत खरी असलीच, तर तें मूल गर्भाशयाच्या बाहेर पोटांत वाढलें असावें, आणि गर्भाशयाला पातें लागलेंच नसावें. १५८१ सालीं फ्रान्सुआ रूसे या फ्रेंच वैद्यानें या शस्त्रक्रियेच्या बाजूनें एक ग्रंथ लिहिला. त्याच्या लांबलचक नांवांतच असा दावा होता कीं, या उपायानें माता व मूल यांपैकीं कोणाच्याहि जिवाला अपाय होत नाहीं, आणि मातेच्या पुढील अपत्यप्राप्तीलाहि बाध येत नाहीं. म्हणजे दुसऱ्या बाळंतपणाची काळजी साडेचारशें वर्षांपूर्वींच्या मुखपृष्ठावरहि होती. पण दावा करणें निराळें आणि तो खरा करून दाखविणें निराळें. पुढचीं तीनशें वर्षें ही शस्त्रक्रिया म्हणजे मातेला जवळजवळ मृत्युदंडच होता. १७८७ पासून १८७६ पर्यंत पॅरिस शहरांत या शस्त्रक्रियेंतून एकहि माता वांचली नाहीं, असें वैद्यकाचे इतिहासकार सांगतात.

असें कां व्हावें? गुंगी आणणारें औषध नव्हतें, हें एक कारण. ईथर १८४६ मध्यें व क्लोरोफॉर्म १८४७ मध्यें वापरांत आला. जखमेंत शिरणाऱ्या जंतूंची ओळख नव्हती, हें दुसरें. लिस्टरची जंतुनाशक पद्धति १८६७ मधली. तिसरें कारण ऐकून आपल्याला नवल वाटेल. पोटाची कातडी शिवीत, पण आंतील गर्भाशयाला टांका घालीत नसत! गर्भाशय हा आकुंचन पावणारा स्नायु आहे, तो आपोआप मिटेल, आणि आंत घातलेला टांका पुढें काढतां येणार नाहीं, असें शस्त्रवैद्यांना वाटे. उघड्या राहिलेल्या त्या जखमेंतून रक्त वाहे, पू पोटांत पसरे, आणि बाळंतीण चार-सहा दिवसांत दगावे.

१८७६ च्या मे महिन्यांत इटलींतील पाव्हिया येथें एदुआर्दो पोर्रो या शस्त्रवैद्यानें २५ वर्षांच्या एका स्त्रीवर शस्त्रक्रिया केली. तिच्या कटीचीं हाडें वांकडीं होतीं आणि मूल वाटेनें येणें अशक्य होतें. मूल काढल्यावर पोर्रोनें गर्भाशयच कापून टाकलें. रक्त वाहण्याची जागाच उरली नाहीं. आई वांचली, मूलहि वांचलें. जगांत त्याचें नांव झालें. पण या उपायाची किंमत उघड होती. प्राण मिळाला, पण पुढचें मातृत्व कायमचें गेलें.

ही किंमत ज्याला फार वाटली असा जर्मन वैद्य म्हणजे लाइपझिगचा माक्स झेंगर. त्यानें १८८२ सालीं गर्भाशय न कापतां तें चांदीच्या व रेशमाच्या धाग्यांनीं नीट शिवण्याची रीत प्रसिद्ध केली. त्याच्या आदल्याच वर्षीं केरर या दुसऱ्या जर्मन वैद्यानें गर्भाशयाच्या खालच्या भागांत आडवा छेद घेऊन तो शिवून दाखविला होता. पण त्या वेळीं तिकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं. झेंगरची रीत मात्र पसरली आणि मातांचे प्राण वांचूं लागले. श्रोतेहो, आपला आजचा प्रश्न खऱ्या अर्थानें जन्माला आला तो या टांक्याबरोबर. आतां प्रथमच असें झालें कीं, शस्त्रक्रिया झालेली स्त्री जगली, तिचें गर्भाशय तिच्यापाशीं राहिलें, आणि दोन-तीन वर्षांनीं ती पुन्हां गरोदर राहिली. तिच्या गर्भाशयावर आतां एक व्रण होता. नऊ महिन्यांच्या ताणाला आणि कळांच्या जोराला तो व्रण टिकेल काय?

झेंगरच्या काळीं छेद उभा घेत, आणि तो गर्भाशयाच्या वरच्या, जाड भागावर घेत. कळा येतात तेव्हां जोरानें आंवळला जातो तो हाच भाग. तेथील व्रण कळांबरोबर ओढला जातो, आणि क्वचित् कळा सुरू होण्यापूर्वींच उसवतो. व्रण उसवला म्हणजे मूल पोटाच्या पोकळींत सरकतें, त्याचा प्राणवायु तुटतो, आणि आईच्या पोटांत रक्तस्राव होतो. मग हाताशीं मिनिटेंच असतात. ही भीति मनांत ठेवून न्यूयॉर्कचा प्रसूतिवैद्य एडविन क्रॅगिन यानें १९१६ सालीं एका वैद्यकीय नियतकालिकांत लेख लिहिला. एकदां सिझेरियन झालें कीं पुढें नेहमीं सिझेरियनच, हें प्रसिद्ध वचन त्या लेखांतलें. वचनाचा सन आणि कर्ता हा असा सांपडतो. परंतु लेखाचा रोंख कोणीकडे होता? क्रॅगिन प्रसूतिशास्त्रांत संयम असावा, असें सांगत होता. पहिली शस्त्रक्रिया केली तर स्त्रीच्या साऱ्या पुढील आयुष्यावर तिचा भार पडतो. म्हणून पहिल्या वेळीं सुरी उचलण्यापूर्वीं दहादां विचार करा, असा त्याचा उपदेश होता. वचनाला अपवाद असतात, हेंहि त्यानें नमूद केलें होतें. लोकांनीं मात्र लेख विसरून वचन तेवढें लक्षांत ठेवलें. पहिल्या शस्त्रक्रियेला आवर घालण्यासाठीं लिहिलेलें वाक्य दुसऱ्या शस्त्रक्रियेचें फर्मान होऊन बसलें.

पुढें दहाच वर्षांनीं त्या वचनाखालची जमीन सरकली. ग्लासगोचा जॉन मन्रो कर यानें १९२६ सालीं गर्भाशयाच्या खालच्या, पातळ भागांत आडव्या छेदाचा जोरदार पुरस्कार केला. केररची विस्मृतींत गेलेली कल्पना अशी पुन्हां उजेडांत आली. हा खालचा भाग कळांच्या वेळीं स्वतः फारसा आंवळला जात नाहीं, तो ताणून रुंद होतो. तेथें रक्त कमी जातें, व्रण चांगला भरतो, आणि पुढच्या वेळीं उसवण्याचा संभव पुष्कळच कमी असतो. आज बहुतेक सर्व ठिकाणीं छेद घेतात तो हाच. म्हणजे वचन एका छेदाचें, आणि आपण तें लावतों दुसऱ्या छेदाला.

परदेशांत हीं स्थित्यंतरें घडत होतीं, तेव्हां आपल्या मुंबई इलाख्यांत काय होतें? येथें प्रश्न त्याहून प्राथमिक होता. बाळंतीण सोंवळ्याओंवळ्याच्या कल्पनेनें अंधाऱ्या, दमट खोलींत ठेवलेली असे, आणि बाळंतरोगानें स्त्रिया जात. पारशी समाजांतील ही हानि पाहून सर तेमुलजी नरिमन यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईंत पारशी प्रसूतिगृह उभें केलें. स्त्रियांसाठीं स्त्री-डॉक्टरांनीं चालविलेलें कामा रुग्णालय १८८६ सालीं सुरू झालें. परळचें नवरोजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झालें तें १९२६ सालीं, म्हणजे ग्लासगोंत आडव्या छेदाचा पुरस्कार झाला त्याच वर्षीं.

याच कामा रुग्णालयाची धुरा १९२८ पासून १९४७ पर्यंत डॉ. जेरुशा झिराड यांनीं वाहिली. लंडन विद्यापीठाची प्रसूतिशास्त्रांतील एम्. डी. ही पदवी त्यांनीं १९१९ सालीं मिळविली. त्यांचा जन्म झाला म्हैसूर संस्थानांत, पण समाज बेने इस्रायल, म्हणजे मूळ आमच्या रायगड, म्हणजे पूर्वींच्या कुलाबा, जिल्ह्याच्या किनाऱ्यावरचा, मराठी बोलणारा. त्या समाजाचीं आडनांवें येथील गांवांवरून पडलेलीं आहेत: पेणकर, रोहेकर, अष्टमकर. झिराड हेंहि अलिबाग तालुक्यांतील गांवाचें नांव आहे. या बाईंनीं १९३७-३८ च्या सुमारास मुंबई शहरांत बाळंतपणांत मेलेल्या स्त्रियांच्या मृत्यूचीं कारणें शोधण्याचें काम हातीं घेतलें, आणि त्याचा अहवाल १९४१ सालीं प्रसिद्ध झाला. मला त्या कामाचें मोल वाटतें तें असें. बाई मेली, दैवाची गोष्ट, असें म्हणून जेथें लोक थांबत, तेथें प्रत्येक मृत्यूला कारण असतें व तें कागदावर लिहिलें पाहिजे, हा आग्रह त्यामागें होता. हा कागदाचा धडा आपण पुढें उपयोगांत आणणार आहोंत.

रक्त देण्याची सोय, सल्फा आणि पेनिसिलीन यांसारखीं औषधें, आणि सुधारलेली गुंगी यांमुळें १९५० नंतर सिझेरियन सुरक्षित होत गेलें. सुरक्षित झालें म्हणून वाढलें. अमेरिकेंत १९७० सालीं शंभर बाळंतपणांत सुमारें ५ सिझेरियनें होत. १९८८ च्या सुमारास तीं २५ झालीं. या वाढीचा मोठा वांटा जुन्या वचनाचा होता, कारण पहिलें झालें कीं दुसरें ठरलेलेंच. म्हणून १९८० सालीं तेथील राष्ट्रीय आरोग्यसंस्थेनें तज्ज्ञांची परिषद भरवून, खालचा आडवा छेद असेल तर योग्य स्त्रीला नैसर्गिक प्रसूतीची संधि देण्यास हरकत नाहीं, असा कौल दिला. लंबक दुसरीकडे झुकला. १९९६ पर्यंत पूर्वीं सिझेरियन झालेल्या शंभर स्त्रियांपैकीं सुमारें २८ जणी नैसर्गिक रीतीनें प्रसूत होऊं लागल्या. त्यांत कांहीं ठिकाणीं पुरेशी तयारी नसतां हा मार्ग धरला गेला, अपघात झाले, खटले झाले, आणि पुढच्या दहा वर्षांत लंबक पुन्हां उलटा गेला. या हेलकाव्यांतून जें ज्ञान गाळून निघालें, तें तीन भागांत सांगतों.

पहिला भाग व्रणाचा. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यांत १९८७ ते १९९६ या काळांत पहिलें मूल सिझेरियननें झालेल्या २०,०९५ स्त्रियांच्या दुसऱ्या बाळंतपणाचा अभ्यास झाला. तो २००१ सालीं प्रसिद्ध झाला. कळा न येतां पुन्हां सिझेरियन झालेल्या स्त्रियांत गर्भाशय फाटण्याचें प्रमाण हजारीं १.६ होतें. कळा आपोआप आल्या तेथें तें हजारीं ५.२, म्हणजे दोनशें स्त्रियांत सुमारें एक, असें होतें. प्रोस्टाग्लँडिन नांवाचें औषध देऊन कळा आणल्या तेथें तें हजारीं २४.५ पर्यंत चढलें. याचा अर्थ असा कीं धोका आहे, पण लहान आहे; आणि कळा मुद्दाम आणण्याची घाई त्याला अनेक पटींनीं वाढविते. दोन बाळंतपणांत १८ महिन्यांहून कमी अंतर असलें तरीहि तो वाढतो. योग्य स्त्रियांनीं प्रयत्न केला तर शंभरांतील ६० ते ८० जणींना नैसर्गिक प्रसूति साधते. पूर्वीं एखादें मूल वाटेनें झालेलें असेल तर अधिकच. उभ्या छेदाचा जुना व्रण असेल, पूर्वीं गर्भाशय फाटलेलें असेल, तर मात्र क्रॅगिनचें वचन आजहि जसेंच्या तसें लागूं आहे.

दुसरा भाग वारेचा. हा फार घरांत माहीत नसतो. पुन्हां पुन्हां सिझेरियन करणें हा निर्धोक मार्ग आहे, अशी समजूत असते. पण प्रत्येक छेदाबरोबर पुढच्या गर्भारपणांत वार खालीं, गर्भाशयाच्या तोंडाशीं बसण्याचा संभव वाढतो. जुन्या व्रणावर बसलेली वार कधीं कधीं स्नायूंत झाडाच्या मुळासारखी रुतते. मग ती सुटत नाहीं, रक्त थांबत नाहीं, आणि प्राण वांचविण्यासाठीं पोर्रोचा १८७६ चा उपाय, म्हणजे गर्भाशय काढणें, पुन्हां करावा लागतो. अमेरिकेंतील ३०,१३२ स्त्रियांच्या एका अभ्यासांत, जो २००६ सालीं प्रसिद्ध झाला, असें आढळलें कीं वार तोंडाशीं बसलेली असतां ती रुतलेली असण्याचें प्रमाण पहिल्या सिझेरियनच्या वेळीं शेंकडा ३, दुसऱ्या वेळीं ११, तिसऱ्या वेळीं ४०, आणि चौथ्या वेळीं ६१ होतें. वार तोंडाशीं बसणें हेंच मुळीं क्वचित् घडतें, हें खरें. तरी ज्या कुटुंबाला तीन-चार अपत्यें हवीं असतील, त्यानें हे आंकडे पहिल्या शस्त्रक्रियेच्या आधींच ऐकलेले बरे.

तिसरा भाग अर्भकाचा. गर्भांत असतां मुलाचीं फुप्फुसें पाण्यानें भरलेलीं असतात. कळा सुरू झाल्या म्हणजे शरीरांत जीं द्रव्यें निर्माण होतात, त्यांच्या योगें तें पाणी शोषलें जाऊं लागतें. कळांवांचून आणि दिवस भरण्यापूर्वीं मूल बाहेर काढलें, तर कित्येक मुलांना जन्मतांच धाप लागते, आणि त्यांना आईपासून दूर अतिदक्षता विभागांत ठेवावें लागतें. मग अंगावर पाजणेंहि लांबतें. अमेरिकेंत ठरवून केलेल्या १३,२५८ दुबार सिझेरियनांचा अभ्यास २००९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत श्वासाचे व इतर विकार ३७ व्या आठवड्यांत जन्मलेल्या मुलांपैकीं शेंकडा १५.३, ३८ व्या आठवड्यांत ११, आणि ३९ व्या आठवड्यांत ८ मुलांत आढळले. एकेका आठवड्याचें मोल एवढें आहे! आपल्याकडे शस्त्रक्रिया ठरलीच आहे, तर चांगला मुहूर्त पाहून दिवस धरूं, अशी चाल अलीकडे पडली आहे. श्रद्धा ज्याची त्याची. मी तिच्यावर बोलत नाहीं. परंतु ३७ व्या आठवड्यांतील उत्तम नक्षत्रापेक्षां ३९ वा आठवडा पुरा झाल्यावरचा साधा वार मुलाच्या फुप्फुसांना अधिक मानवतो. वैद्यकीय कारण निराळें निघालें तर गोष्ट वेगळी.

आतां घराकडे येतों. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांत २०१५-१६ सालीं शंभर बाळंतपणांत सुमारें २० सिझेरियनें होतीं. २०१९-२१ मध्यें तीं २५ झालीं. सबंध देशांत त्या वेळीं सरकारी दवाखान्यांत शेंकडा १४ व खाजगी दवाखान्यांत शेंकडा ४७ असें प्रमाण होतें. यांतील किती आवश्यक होतीं, हा वाद मी येथें काढीत नाहीं. पण चारांतील एक माता व्रण घेऊन घरीं आली, एवढें खरें. आणि तिचें पुढचें गर्भारपण त्या व्रणाच्या सोबतीनें जाणार.

येथें आपली एक गोड चाल आड येते. पहिलें बाळंतपण माहेरीं, आणि पुढचें बहुधा सासरीं. माहेर समजा आमच्या निडीला आहे. पनवेलहून येणाऱ्या रेल्वेवर नागोठण्याच्या पुढें आणि रोह्याच्या अलीकडे हें लहानसें स्थानक आहे. मुलगी बाळंतपणाला येथें आली, ऐन वेळीं अडली, आणि रोह्याच्या किंवा पेणच्या अथवा अलिबागच्या रुग्णालयांत तिचें सिझेरियन झालें. सव्वा महिन्यानें बाळंतविडा, आंगडींटोपडीं, डिंकाचे लाडू यांच्या गांठोड्यासह ती पुण्याला किंवा ठाण्याला सासरीं गेली. गांठोड्यांत सर्व कांहीं होतें. नव्हता तो एकच कागद: शस्त्रक्रिया कां केली आणि छेद कसा घेतला, हें सांगणारा.

तीन वर्षांनीं दुसरी खेप. नव्या शहरांत नवी डॉक्टरीण पोटावरची खूण पाहते. खूण आडवी आहे. त्यावरून आंतला छेदहि आडवाच असेल काय? तसें म्हणतां येत नाहीं. पोटाच्या कातडीवर खालीं आडवा छेद घेण्याची रीत फानेनश्टील या जर्मन वैद्यानें १९०० सालीं सांगितली. कातडीचा छेद आणि गर्भाशयाचा छेद या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बाहेर आडवा आणि आंत उभा, असें असूं शकतें. मूल फार लहान असलें किंवा आडवें असलें तर तसें करावें लागतें. बाहेरची खूण आंतली साक्ष देत नाहीं. ती साक्ष कागदच देतो. कागद नसला म्हणजे सावध डॉक्टर बहुधा पुन्हां शस्त्राचाच मार्ग धरतो, आणि त्याला दोष देतां येत नाहीं. क्रॅगिनचें वचन आमच्या घरांत खरें ठरतें तें पुष्कळदां अशा रीतीनें: शास्त्रामुळें नव्हे, तर हरवलेल्या कागदामुळें.

शाळेंत शिकविलेल्या मनुष्याला हें फार खटकतें. मूल एका शाळेंतून दुसरींत जातें, तेव्हां त्याच्याकडे शाळा सोडल्याचा दाखला मागतात. जन्मतारीख, इयत्ता, वर्तणूक, सर्व त्यांत असतें. आणि जिच्या जिवाचा प्रश्न आहे ती आई मात्र दाखल्यावांचून एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जाते! घरीं येतांना मिळणाऱ्या डिस्चार्ज कार्डावर बहुधा 'सिझेरियन' एवढाच शब्द असतो. तेवढ्यानें भागत नाहीं. शस्त्रक्रिया कोणत्या कारणासाठीं केली, किती आठवडे भरले होते, गर्भाशयाचा छेद खालचा आडवा होता कीं उभा, छेद वाढवावा लागला काय, आणि मागाहून ताप अथवा रक्तस्राव झाला काय, या पांच गोष्टी डॉक्टरांकडून लिहवून घ्याव्या. त्याची एक प्रत माहेरीं, एक सासरीं, आणि एक त्या स्त्रीच्या स्वतःच्या हातीं असावी. वर तिच्या सोन्याच्या डब्यांत ठेवावी म्हटलें तरी अतिशयोक्ति नव्हे.

दुसरी गोष्ट अंतराची. नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करावयाचा ठरला, तर जेथें शस्त्रगृह, गुंगी देणारा डॉक्टर आणि रक्त हीं रात्रीं दोन वाजतांहि तयार असतात, तेथेंच तो करावा. व्रण उसवला तर वाट पाहण्यास वेळ नसतो. पूर्वीं निडीसारख्या गांवांतून अडलेल्या बाईला बैलगाडीनें धरमतरच्या बंदरावर न्यावें, आणि भरतीची वाट पाहून मुंबईची होडी धरावी, असा काळ होता. आतां रेल्वे आहे, सडक आहे, २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, आणि २०११ च्या योजनेप्रमाणें सरकारी रुग्णालयांत बाळंतपण व सिझेरियन विनामूल्य आहे. तरी कळा सुरू झाल्यावर निघण्यापेक्षां दिवस भरत आले कीं रुग्णालयाजवळच्या नातलगाकडे जाऊन राहणें शहाणपणाचें. आशाताईंना पहिल्याच भेटींत सांगावें कीं पोटावर पूर्वींचा टांका आहे. सहाव्या-सातव्या महिन्यांत सोनोग्राफीनें वार कोठें बसली आहे हें पाहून घ्यावें. आणि दोन मुलांत पुरेसें अंतर ठेवावें, हें सासूबाईंनीं आपण होऊन सुनेला सांगितलें, तर तिच्यावर मोठा उपकार होईल.

एवढें सांगून शेवटीं एक इशारा देतों. जुनें वचन कालबाह्य झालें, म्हणून दुसऱ्या टोंकाला जाऊन नैसर्गिक प्रसूति हाच पुरुषार्थ, आणि शस्त्रक्रिया म्हणजे बाईची हार, असें मानूं नये. जिला पुन्हां सिझेरियन करावें लागलें, तिचें आईपण तसूभरहि उणें होत नाहीं. पाव्हियाच्या त्या स्त्रीला निवड नव्हती. १९१६ च्या स्त्रीला फारशी नव्हती. आजच्या स्त्रीला बहुधा दोन वाटा मोकळ्या असतात, आणि दोन्ही वाटांवर थोडा थोडा धोका असतो. कोणती वाट धरावी हें तिनें व तिच्या डॉक्टरांनीं मिळून ठरवावें. घरच्यांनीं एवढेंच करावें कीं, ठरविण्याच्या वेळीं तिच्यापुढें शंभर वर्षांपूर्वींचें ऐकीव वाक्य न ठेवतां, तिच्या स्वतःच्या पहिल्या बाळंतपणाचा नीट लिहिलेला कागद ठेवावा.